‘पंचवीस’ म्हटलं की तो ५२ लिहितो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा दुसरीत, शाळा सेमी इंग्रजी. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतो, दहापर्यंतचे पाढे पाठ आहेत. पण १३ − ७ आलं की बोटं मोजायला लागतो आणि तरीही चुकतो. आजीने ‘पंचवीस’ लिहायला सांगितलं की ५२ लिहितो. ४२ − १७ चं उत्तर त्याने ३५ काढलं. चाचणीत वीसपैकी सहा. रोज संध्याकाळी गणिताची वही उघडली की रडारड. बाबा म्हणतात अबॅकसचा क्लास लावू. आई म्हणते, मलाच गणिताची धास्ती, मी काय शिकवणार?

ताई, सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. आता निवृत्त आहे, पण संध्याकाळी गल्लीतली चार पोरं ओट्यावर येऊन बसतातच. तुमचा प्रश्न वाचून आधी तुम्हाला शाबासकी द्यावीशी वाटली. ‘गणित कच्चं आहे’ असं म्हणून तुम्ही थांबला नाहीत, त्याची चुकलेली उत्तरं जशीच्या तशी लिहिलीत. ५२ आणि ३५. मला मार्कांपेक्षा हे दोन आकडे जास्त सांगून गेले.

आधी ३५ घेऊ. वर २, खाली ७. दोनातून सात जात नाहीत हे त्याला पक्कं माहीत आहे, कारण पहिलीचं अख्खं वर्ष आपण ‘लहानातून मोठा जात नाही’ हेच घोकवलेलं असतं. मग पोरगं काय करतं? जी वजाबाकी जाते ती करतं. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. उत्तर चुकलं, पण ते अंदाजपंचे ठोकलेलं नाही. त्याच्याकडे एक नियम आहे आणि तो नियम त्याने इमानदारीने पाळला. असं मूल ढ नसतं. त्याच्यासाठी ४२ म्हणजे शेजारी शेजारी लिहिलेले ४ आणि २ आहेत. चार दशक आणि दोन सुटे हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभंच राहिलेलं नाही. आणि ५२ चं मूळही तिथेच आहे.

हा गोंधळ काही तुमच्या एकट्याच्या घरचा नाही. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. गावोगावी घरात जाऊन मुलांना वाचायला आणि गणितं करायला देतात. त्यात नेमकी हीच वजाबाकी असते, दोन अंकी, दशक सुटा करावा लागणारी. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांनाच ती जमली होती. तुमचा तर दुसरीत आहे. तेव्हा आकाश कोसळलेलं नाही.

आता घरी काय करायचं ते सांगते. पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका, फक्त बघा. वीसेक चिंचोके घ्या, सतरंजीवर बसा. तेरा चिंचोके त्याच्यापुढे टाका आणि मोजायला सांगा. मोजून झालं की लगेच विचारा, ‘मग किती आहेत?’ काही मुलं ‘तेरा’ न सांगता पुन्हा एकपासून मोजायला लागतात. म्हणजे शेवटी म्हटलेला आकडा हाच सगळ्यांचा आकडा, हे अजून मनात बसलेलं नाही. तो ‘तेरा’ म्हणाला तर तेच चिंचोके त्याच्यासमोर लांब लांब पसरा आणि विचारा, आता किती? ‘जास्त झाले’ म्हणाला तर हसू नका. पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि पाच-सहा वर्षांची चांगली हुशार मुलंही त्यात फसतात. दुसरीतलं मूल बहुधा फसत नाही, पण बघून घ्यावं.

मग म्हणा, ‘मला यातले आठ दे.’ मोजलेलं सांगणं आणि मागितलेलं मोजून देणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मोजून देताना मुलाला आठावर थांबायचं भान ठेवावं लागतं. आठ दिले की ते वाटीखाली झाका आणि शेजारी पाच ठेवा. ‘सगळे मिळून किती?’ इथे त्याच्या बोटांकडे आणि ओठांकडे लक्ष ठेवा. वाटी उचलून तो एकपासून मोजतो का? की ‘आठ’ धरून नऊ, दहा, अकरा असं पुढे जातो? पहिलं असेल तर तुमच्या रोजच्या रडारडीचं निम्मं कारण तिथेच सापडलं. जो मुलगा प्रत्येक बेरीज एकपासून मोजतो त्याला वीस गणितांचा गृहपाठ म्हणजे दोन-अडीचशे वेळा मोजणी. आपणही रडलो असतो.

सगळं बघताना एकच प्रश्न विचारायचा: ‘कसं काढलंस?’ आणि तो फक्त चुकल्यावर विचारायचा नाही, बरोबर आल्यावरही विचारायचा. नाहीतर दोन दिवसांत मुलं ओळखतात की ‘कसं काढलंस’ म्हणजे चुकलं. लगेच खाडाखोड सुरू. माझ्या वर्गात एक पोर होतं, मी नुसती जवळ जाऊन उभी राहिले तरी पाटी पुसायचं. त्याची पाटी पुसायची सवय जायला मला दिवाळी उजाडली.

आता बोटांबद्दल. बोटांवर मोजलं म्हणून हातावर फटका देणारे पालक मी खूप पाहिलेत आणि मग टेबलाखाली बोटं मोजणारी मुलंही. बोटं मोजू द्या. देवाने दिलेली दहा मण्यांची पाटी आहे ती. मूल बोटांवर काय करतंय ते मात्र बघा. आठ आणि पाच करताना आधी आठ बोटं उभी केली तर पुढे बोटंच उरत नाहीत आणि तुमचा मुलगा चुकतो तो इथेच. त्याला सांगा, आठ डोक्यात ठेव (डोक्यावर हात ठेवायला लावा, मुलांना मजा वाटते) आणि फक्त पाच बोटं काढ. नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. आठ दिवसांत हे अंगवळणी पडतं. मोठी संख्या डोक्यात ठेवायची, लहान बोटांवर, हेही तो आपणहून शोधेल. ३ + ९ मध्ये त्याने नऊ डोक्यात ठेवले तर त्या दिवशी शिरा करा.

पण बोटं सुटायची असतील तर दहाच्या जोड्या पक्क्या व्हायला हव्यात. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा, पाच-पाच. एवढ्या पाचच. मला विचाराल तर पहिली-दुसरीच्या गणितात यापेक्षा मोलाचं काही नाही. पाढ्यांपेक्षाही. १३ − ७ बघा. जोड्या पक्क्या असलेलं मूल म्हणतं, सातला दहा व्हायला तीन लागतात, आणि दहाच्या पुढे तीन आहेत, झाले सहा. दुसरं मूल म्हणतं, तेरातले तीन काढले, दहा उरले, अजून चार काढायचेत, सहा. दोन्ही रस्ते चालतील. दोघांनाही तेरा बोटं लागली नाहीत.

या जोड्या पाठ करून घेऊ नका, खेळातून येऊ द्या. पहिला खेळ मुठीचा. पाच चिंचोके दाखवा, पाठीमागे हात नेऊन दोन मुठींत वाटा, एक मूठ उघडा. ‘ही तीन, मग झाकलेल्या मुठीत किती?’ पाचाचं जमलं की सहा, सात, असं करत दहापर्यंत जा. घाई नको, एका संख्येवर दोन-तीन दिवस सहज जातात. मग त्याला मुठी झाकू द्या आणि तुम्ही ओळखा. मध्येच मुद्दाम चुका. आईची चूक पकडण्याइतका आनंद सातव्या वर्षी दुसरा नसतो.

दुसरा खेळ पत्त्यांचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा बाजूला काढा. उरलेले छत्तीस पत्ते उताणे मांडा. आळीपाळीने दहाची एकेक जोडी उचलायची. सत्तीबरोबर तिर्री, छक्कीबरोबर चव्वी, एक्क्याबरोबर नव्वी. सगळं नीट खेळलं तर शेवटी एकही पत्ता उरत नाही. उरला तर कुठेतरी जोडी चुकलेली असते, आणि ते तुम्हाला सांगावं लागत नाही, पत्तेच सांगतात. म्हणून मला हा खेळ आवडतो. आमच्या सासूबाईंना घरात पत्ते आलेले खपायचे नाहीत, पण नातवाच्या गणितासाठी त्याही शेवटी डाव मांडून बसल्या आणि त्यालाच हरवायला लागल्या.

आता पंचवीस आणि ५२. यात चूक जितकी मुलाची, तितकीच आपल्या भाषेच्या बांधणीची. ‘पंच-वीस’ म्हणताना जीभ आधी पाच म्हणते, मग वीस. हात मात्र आधी २ लिहितो, मग ५. तोंड आणि हात उलट्या दिशेने चालतात. इंग्रजीत हा घोळ तेरा ते एकोणीस एवढ्यातच आहे, पुढे ‘ट्वेंटी फाइव्ह’ सरळ. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणजे वीस-पाच, तेलुगूतही वीस आधी. आमच्या सोलापूर भागात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी पुष्कळ मुलं वर्गात असायची. मराठीत पंचवीस सांगितलं की ५२ लिहिणारं मूल त्याच्या घरच्या भाषेत सांगितलं की बरोबर लिहायचं. तुमच्या मुलाचंही तेच होत असणार. शाळेत ‘ट्वेंटी फाइव्ह’ ऐकून तो २५ च लिहीत असेल. विचारून बघा.

शिवाय आपल्या आकड्यांची सोंगं किती! एकटा दोन घ्या: बावीसमध्ये बा, बत्तीसमध्ये ब, बेचाळीसमध्ये बे, ब्याऐंशीत ब्या. त्यात ‘एकोण’. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. कानावर ‘तीस’ पडतं आणि मूल बिनधास्त ३९ लिहितं. असं अठरानंतर, अठ्ठावीसनंतर, अडतीसनंतर, दर दहाला एकदा होतं, आणि त्याची सवय लागते न लागते तोच नव्याण्णव येतं, जे एकोणशंभर नसतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विषय विधानसभेपर्यंत गेला, विनोद झाले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचा मुद्दा साधा होता: या नावांतली जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, त्यातून गणिताची भीती बसते. वर्गात उभं राहणाऱ्या आमच्यासारख्यांना तो मुद्दा पटायला वेळ लागला नाही. ओरड करणारे बहुतेक पन्नाशीतले होते, त्यांना आपण हे आकडे कसे शिकलो ते आठवतही नव्हतं.

माझं मत असं: जुनी नावं जाऊ देऊ नयेत, आजीशी आणि भाजीवाल्याशी त्याच नावांनी बोलायचंय. पण शिकताना दोन्ही नावं वापरावीत. ‘दोन दशक पाच, म्हणजे पंचवीस.’ आणि ते हातात घेऊन म्हणावं. आईस्क्रीमच्या काड्या किंवा खराट्याच्या काड्यांचे तुकडे आणा. दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावा. गठ्ठे त्यालाच बांधू द्या, विकतचे किंवा तुम्ही बांधलेले नकोत. दहा सुट्या काड्या एका रबरात गेल्या आणि त्यांचा ‘एक’ झाला, हे बांधताना हाताला कळतं. मग म्हणा ‘पंचवीस आण’. तो दोन गठ्ठे आणि पाच सुट्या आणतो. गठ्ठे डावीकडे ठेवायचे, सुट्या उजवीकडे. आता लिही. दोन, पाच. पंचवीस लिहिताना तो पुन्हा ५२ लिहील, तेव्हा ‘चूक’ म्हणू नका. म्हणा, ‘बरं, हे जे लिहिलंस तेवढ्या काड्या दे.’ पाच गठ्ठे उचलताना तो स्वतःच थांबतो.

सोबत एक साधन घरीच करा. जुन्या लग्नपत्रिका कुठल्याही घरात असतात. त्यांच्या पट्ट्या कापा. लांब पट्ट्यांवर १०, २०, ३० ते ९०, आणि निम्म्या लांबीच्या पट्ट्यांवर १ ते ९. वीसच्या पट्टीच्या शून्यावर पाचची पट्टी ठेवली की २५ दिसतात. पाच उचलला की खालून वीस बाहेर येतात. २५ मधला २ म्हणजे वीस आहे हे इतकं सरळ दुसऱ्या कशाने दिसत नाही. पुढे एकशे दोन आले की मुलं हमखास १००२ लिहितात, जसं ऐकलं तसं. शंभरची लांब पट्टी करून तिच्यावर दोन ठेवला की तोही प्रश्न मिटतो.

एकोणतीससाठी वेगळा खेळ. तीन गठ्ठे ठेवा, तीस. एक काडी काढून घे म्हणा. रबर सोडल्याशिवाय काढता येत नाही! सोडला, एक काढली, उरले दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. ‘तिसाला एक कमी, एकोणतीस.’ हाच खेळ घड्याळात येतो बरं का. ‘पावणेआठ’ ऐकून मुलं आठ पंचेचाळीस दाखवतात. पुढच्या मुक्कामाचं नाव घ्यायचं आणि मग थोडं मागे यायचं, ही मराठीची जुनी खोड आहे. ती एकदा मुलाला गंमत म्हणून सांगून टाका.

हा गठ्ठा सोडण्याचा खेळ झाला की ४२ − १७ अर्धी सुटली. पण ती काड्यांपेक्षा पैशांनी जास्त छान समजते. दहाच्या चार नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या. तुम्ही दुकानदार. ‘सतरा रुपये झाले.’ तो एक नोट देईल आणि मग सात रुपयांसाठी अडकेल, सुटे दोनच आहेत. अडकू द्या. जरा वेळ गप्प बसा, हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. बहुतेक मुलं स्वतःच म्हणतात, ‘सुटे द्या ना.’ द्या. दहाची एक नोट घेऊन दहा नाणी द्या. आता त्याच्याकडे सुटे बारा. सात दिले, पाच उरले. नोटा दोन. पंचवीस. हे चार-पाच वेळा झालं की मग वही काढा आणि तीच देवघेव उभ्या मांडणीत लिहा: चारवर काट मारून तीन, दोनाचे बारा. तोवर वही नको.

‘शेजाऱ्याकडून उसना घेतला’ असं आम्हीही वर्षानुवर्षं शिकवत आलो. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘बाई, मग परत कधी द्यायचा?’ मला उत्तर आलं नाही. तेव्हापासून मी ‘सुटे केले’ म्हणते. खरं तेच घडतं. कुणी कुणाकडून काही घेतलेलं नसतं, एका नोटेची दहा नाणी झालेली असतात. बेरजेतला हातचा म्हणजे याच्या उलट, दहा नाणी झाली की त्यांची नोट.

नाणी मुद्दाम जमवून ठेवा. आता सगळं मोबाइलवर कोड दाखवून चालतं, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाने सुटे पैसे मोजलेलेच नसतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत पोरं शाळेत येण्याआधीच चार आणे-आठ आण्यांचा हिशोब शिकून यायची. आठवडे बाजारात आईबरोबर बसणारी एक मुलगी होती. तीस रुपये किलोची भेंडी दीड किलो म्हटलं की ‘पंचेचाळीस’ तोंडावर. तीच बेरीज पाटीवर ३० + १५ लिहून दिली की गडबडायची. नुकतंच, २०२५ मध्ये, ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशोब मनात झटपट करतात, पण तशीच गणितं पुस्तकी पद्धतीने दिली की अडतात. आणि शाळेतल्या मुलांचं नेमकं उलट, कागदावर येतं, बाजारात येत नाही. त्या भेंडीवाल्या मुलीसाठी मी काय केलं? पाटीवर ‘३० + १५’ च्या वर एक छोटी भेंडी काढली. खरंच तेवढंच. मग हळूहळू भेंडी पुसली.

म्हणून आठवड्यातून एकदा त्याला पन्नास रुपये रोख देऊन कोथिंबीर आणि लिंबं आणायला पाठवा. किती परत येतील याचा अंदाज जाण्याआधी विचारा, आल्यावर मोजा. पण एक लक्षात ठेवा. घरातलं प्रत्येक काम परीक्षा करू नका. पोळी वाढताना ‘तुझ्या तीन आणि बाबांच्या चार मिळून किती’, चप्पल घालताना ‘दोन चपला आणि दोन चपला’, असं सुरू झालं की मूल जेवणाच्या ताटावरही सावध होऊन बसतं. गरज खरी असेल तेव्हाच विचारा. पाहुणे सहा येणार, कप चार आहेत, अजून किती काढायचे? हे खरं. बाकी जेवू द्या.

पाढ्यांबद्दल तुम्ही अभिमानाने लिहिलंय आणि पाठ आहेत हे चांगलंच आहे. पाठांतराला नावं ठेवण्याची हल्ली फॅशन आहे, मी त्यातली नाही. ‘सात सक बेचाळीस’ आयुष्यभर कामाला येतं. फक्त त्याला मधूनच विचारा, ‘चार त्रिक?’ तो मनात ‘चार एके चार’ पासून सुरू करून तिथवर येत असेल तर तो अजून गाणंच म्हणतोय. वड्यांचा चौकोनी डबा घ्या. तीन ओळी, प्रत्येक ओळीत चार वड्या. बारा. डबा आडवा फिरवा, चार ओळी, प्रत्येकीत तीन. वड्या तेवढ्याच. म्हणजे तीन चोक आणि चार त्रिक एकच, आणि निम्मे पाढे फुकटात मिळाले. शिकण्याचा क्रमही एक, दोन, तीन, चार असाच हवा असं नाही. दोन, दहा आणि पाच आधी. दोनाची दुप्पट चार, चाराची दुप्पट आठ. मग तीन, त्याची दुप्पट सहा. नऊ म्हणजे दहाच्या पाढ्यातून एकेक वेळा ती संख्या कमी. हे सगळं आलं की सर्वांना घाबरवणारा साताचा पाढा उरतो, आणि त्यात बघायला गेलं तर नवीन एकच आहे, सात सत्ते एकोणपन्नास. बाकी सगळे दुसऱ्या पाढ्यांत येऊन गेलेत. पण हे सगळं दिवाळीनंतर. आत्ता दहाच्या जोड्या.

आजी घरात आहेत, तर त्यांचा उपयोग करून घ्या. आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, एवढं सगळं यायचं. ते आता कुणी पाठ करू नये. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द सेमी इंग्रजीतल्या मुलांच्या कानावरून जातच नाहीत आणि पुढे अपूर्णांक आले की ती परकी होतात. आजीला दूध मोजताना, पीठ घेताना मोठ्याने बोलू दे. ‘दीड वाटी घाल रे.’ बास.

अबॅकसबद्दल बाबांना सांगा, मण्यांची पाटी वाईट नाही, पण त्या क्लासात भर वेगावर असतो. तुमच्या मुलाचा प्रश्न वेगाचा नाही, त्याला ४२ मधले चार दशक दिसत नाहीत. भराभर चुकीची उत्तरं काढता आली तर काय उपयोग? तेच वैदिक गणिताचं, तेच मोबाइलवरच्या खेळांचं, जिथे घड्याळ टिकटिक करत असतं. तिसरी-चौथीत त्याला आवडलं तर खुशाल लावा.

आणि तुमची भीती. २०१५ मध्ये अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास आहे. ज्या पालकांना गणिताची धास्ती आहे ते जेव्हा वारंवार गृहपाठ करून घेतात, तेव्हा मुलांचं गणित वर्षभरात कमी सुधारतं आणि त्यांची भीती वाढते. तेच पालक गृहपाठात फारसे पडत नाहीत तेव्हा तसं दिसत नाही. याचा अर्थ तुम्ही दूर व्हावं असा मी घेत नाही. वही तुमच्याकडे नको, चिंचोके आणि पत्ते तुमच्याकडे असू देत. वही बाबा घेतील, किंवा काही दिवस कुणीच नाही. त्याच्यासमोर ‘मलाही कधी जमलं नाही’ हे वाक्य मात्र बंद. त्याला ते दिलासा वाटत नाही, घराण्याचा रोग वाटतो.

रोज पंधरा मिनिटं, जेवणाआधी. झोपेला आलेल्या मुलाशी गणित करू नका. डोळ्यांत पाणी आलं की त्या दिवशीचा डाव मोडा, गोष्ट सांगा. शाळेचा गृहपाठ असतोच, त्याचं काय, असं विचाराल. त्याला येतात तेवढी गणितं त्याने करावीत आणि उरलेल्यांसाठी तुम्ही वर्गशिक्षिकेला वहीत दोन ओळी लिहाव्यात: घरी दशक-एककावर काम चालू आहे, थोडे दिवस कमी गृहपाठ द्याल का. बहुतेक बाई ऐकतात. पालक वहीत काहीतरी लिहितात याचंच आम्हाला अप्रूप असतं.

एक गोष्ट सांगून ठेवते, घाबरवायला नाही. डोळे आणि कान तपासून घ्या. वर्गात फळा न दिसणारी किती मुलं मी ‘कच्ची’ म्हणून बघितली आणि मग चष्मा लागला, याची मला आजही लाज वाटते. आणि असं चार-सहा महिने शांतपणे केल्यावरही त्याला चार-पाच वस्तू न मोजता ओळखता येत नसतील, सात मोठे की नऊ हेही दर वेळी मोजावं लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून पुढे योग्य माणसाचा पत्ता घ्या. गणन अक्षमता, इंग्रजीत डिसकॅल्क्युलिया म्हणतात, ती खरी असते आणि तिच्यासाठी पुढे बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही आहेत. तुमच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही. ३५ काढणारा मुलगा विचार करतोय.

उद्या संध्याकाळी फक्त मुठीचा खेळ करा, पाचाचा. चिंचोके नसतील तर राजमा घ्या, बटणं घ्या. शेंगदाणे घेऊ नका. मी एका वर्षी मोठ्या हौसेने वर्गात शेंगदाणे वाटले होते आणि दहातून चार गेले किती विचारलं, तर निम्म्या वर्गाचं उत्तर शून्य आलं. तोंडं भरलेली होती सगळ्यांची.